अर्धाच सरळ केलेला पाय

प्रिय बबडे,

तुझी छोटी आता इथे हॉस्पिटलात दुपारची झोपली आहे. पाय दोन उशांवर, छातीपेक्षा उंच. अंगठ्याचं नख दाबून सोडलं की पांढरं होतं आणि लगेच गुलाबी व्हायला हवं. दर तासाला बघा, असं सिस्टरने शिकवलंय. मी दर दहा मिनिटांनी बघतो. काल ती म्हणाली, "आजोबा, नख नाही, पोरीची झोप दाबताय तुम्ही."

मला काहीच कळेनासं झालंय. टाक्यांच्या कडेची नखाएवढी कातडी काळी पडली आहे. डॉक्टरीणबाईंनी तिथले दोन टाके काढून जखम उघडीच ठेवली. रोज ड्रेसिंग; आतून भरत येईल म्हणतात. नाही भरली तर मांडीची कातडी लावावी लागेल. आणि ज्या पायाला सरळ करायला ऑपरेशन केलं, तो त्यांनी आपणहून परत थोडा वाकू दिला. मग आपण मिळवलं काय?

पाय का वाकू द्यावा लागतो, ते त्यांनी ऑपरेशनच्या वेळीच सांगितलं होतं. जन्मापासून आत वळलेल्या पायाची कातडी आतल्या बाजूला अपुरी असते. एकदम ताणली तर रक्त पोचत नाही. म्हणून पहिल्या प्लास्टरात पाय अर्धाच सरळ, उरलेला पंधरा दिवसांनी. मी ऐकलं, मान डोलावली, आणि पटवून काही घेतलं नाही. अर्धी सुधारणा ही फसवणूक आहे, या वाक्यावर चाळीस वर्षं सभांमधून टाळ्या घेतल्यात मी. घरात भिंतभर पुस्तकं, पण चार वर्षांच्या पोरीच्या कातडीबद्दल एकातही ओळ नाही.

तुझा तक्रारीचा मसुदा मिळाला. डॉक्टरीणबाईंनी घट्ट प्लास्टर घातलं असं त्यात आहे, आणि मी त्याला धार लावून द्यावी म्हणतेस. तो पाठवू नकोस. ते प्लास्टर त्यांचं नव्हतं. ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी मी छोटीला एका जुन्या कंपाउंडरकडे नेलं आणि पाय पुरता सरळ करून घेतला. ती किंचाळत होती, मी तिचे हात धरून उभा होतो. दोन दिवसांनी बोटं सुजली तेव्हा तिला घेऊन इथे पळालो. "हे माझं काम नाही," एवढंच बोलून बाईंनी ते कापलं. तू फोनवर त्यांना वाटेल ते बोललीस तेव्हा मी शेजारीच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे. त्या का गप्प राहिल्या, ते अजून उमगत नाही. मी का गप्प राहिलो, ते उमगतं. मसुद्यातलं नाव बदल, त्यांच्या जागी माझं घाल. बाकी शब्द आहेत तसेच राहू देत, पुरेसे धारदार आहेत.

तुझाच,
बाबा