वळणावरची लाल साडी

कोल्हार,
शनिवार, दुपार

प्रिय अवधूत,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तू हॉस्टेलवर असताना माझं पत्र यायचं ते रागवायलाच, त्यामुळे तुला धास्ती वाटणार, हे माहीत आहे मला. हातात फोन असताना ही बाई कागद कशाला खराब करते आहे, असंही अपूर्वा म्हणेल. पण मी फोन केला की तू निम्म्या वेळा गाडी चालवत असतोस आणि तरी उचलतोस. उरलेल्या निम्म्या वेळा तुझे बाबा स्पीकर लावून माझ्या शेजारी बसलेले असतात. तुझ्याशी एकटीनं बोलायचं तर पत्राशिवाय गत्यंतर नाही. गंमत म्हणजे हे पत्र टाकायला तेच जाणार आहेत. उभी नोकरी पोस्टात केली, पण दुसऱ्याचं पाकीट कधी उजेडाला धरून बघितलं नाही त्या माणसानं. तेव्हा पत्र त्यांच्याच खिशातून सुखरूप निघेल.

आधी आपल्या ठकूबाईंचं सांगते. संस्कृतीच्या बोरन्हाणाची तयारी जोरात आहे. हलवा विकतच आणलाय, घरी काटे फुलवण्याइतका दम आता माझ्यात नाही. पण दागिने मीच ओवते आहे. बाजूबंद झाले, मुकुट झाला, कंबरपट्टा राहिलाय. अपूर्वाला सांग, पोरीच्या कमरेचं माप दोऱ्यानं घे आणि कळव. मागच्या वर्षी मी अंदाजानं केला तो तिच्या गुडघ्यावर आला होता आणि ती आख्खी दुपार एका हातानं तो धरून हिंडत होती. बोरं राहीबाई देणार आहे. राहीबाई म्हणजे वळणावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ चालवते ती. तिच्या बांधावरची बोरं बारीक आहेत, पण गोड आहेत, आणि पोरांच्या डोक्यात पडली तरी लागत नाहीत.

दिवाळीनंतर घर अगदी सुनं झालंय रे. धनत्रयोदशीला तू आलास ते अजून डोळ्यांसमोर आहे. राहुरी सोडलीस की तू फोन करतोस, मी चहा टाकते, आणि चहाला उकळी यायच्या आत दारात हजर व्हायचं ही तुझी जुनी खोड. त्या दिवशी तर आलं किसून होईतो हॉर्न वाजला. मग रात्री जेवताना पुण्याहून किती लवकर आलो ते फुशारक्या मारत सांगितलंस. रस्त्यात भेटलेल्या कुणा वेड्याची नक्कल केलीस. संस्कृती हसून हसून लोळली, मीसुद्धा हसले. बाबांनी तुझ्या पानात आणखी एक करंजी वाढली. तो करंजीचा हात मला या आठवड्यात शंभरदा आठवला असेल. का ते सांगते, पण जरा दमानं. मला नीट क्रमानं सांगू दे, नाहीतर मधेच मला रडू येईल आणि सगळं राहून जाईल.

आपल्या घरापुढच्या हायवेचं काम तुला सांगायला नको. एक बाजू उकरलेली, दुसऱ्या बाजूनं येणारे जाणारे सगळे एकाच पट्टीत. वळणाचा बोर्ड लावला तो वाऱ्यानं पडला, दुसरा लावला तो कुणीतरी पत्र्यासाठी पळवला. रात्रीसाठी ठेवलेली पिंपं केव्हाच खड्ड्यात गेली. ठेकेदार बदलला म्हणतात, नवा अजून कुणी पाहिलेला नाही. शिर्डीला जाणाऱ्या गाड्यांना आरती गाठायची असते, परतणाऱ्यांना घर गाठायचं असतं, आणि अचानक रस्ताच संपतो. पावसाळ्यात आपला दूधवाला वाल्मिक तिथेच मोरीसाठी खणलेल्या चरात पडला, ते तुला फोनवर सांगितलं होतं. समोरून एक गाडी भलत्या बाजूनं अंगावर आली, त्यानं मोटारसायकल बाजूला घेतली, आणि बाजूला जमीनच नव्हती. पायात सळई घातलीये. आता काठी टेकत रतिबाला येतो, कॅन त्याची बायको उचलते.

त्या दिवशी वाल्मिकला वर काढायला तुझे बाबा धावले होते. घरी आले तेव्हा सदरा दुधानं भिजलेला होता. दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग त्यांचं संध्याकाळचं फिरणं सुरू झालं. मला म्हणाले, भगवतीला जाऊन येतो. मला बरंच वाटलं. जन्मभर देवळाची पायरी चढायला कंटाळणारा माणूस म्हातारपणी देवाला लागला म्हणून मी मनातल्या मनात देवीचे आभारसुद्धा मानले. पण हे कसलं दर्शन म्हणायचं? यायचे तेव्हा भुवया धुळीनं पांढऱ्या, घसा बसलेला, आणि हातात कधी फुलाची पाकळी नाही. विचारलं तर म्हणायचे, गर्दी होती. मंगळवारी म्हणा की बुधवारी म्हणा, गर्दीच. मी म्हटलं असेल बाबा.

परवा संक्रांतीची काळी साडी काढायला ट्रंक उघडली तर तुझी लाल साडी निम्मीच होती. आठवते ना? इंदूरला ट्रेनिंगला गेला होतास तेव्हा हौसेनं आणलेली, अंगभर सोनेरी टिकल्यांची. एकदाच नेसले मी ती, तुझ्या मामाकडच्या लग्नात, आणि वऱ्हाडातली एक बाई मला बँडवाल्यांच्या नाचणारीची आई समजली होती. तुला वाईट वाटू नये म्हणून आजवर सांगितलं नाही. तर त्या साडीचा अर्धा भाग कात्रीनं कापून नेलेला. घरात आम्ही दोघंच, चोर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पण विचारलं नाही मी. संध्याकाळी ते देवीला निघाले तशी मीही चपला घालून मागून गेले.

अवधूत, देऊळ उजवीकडे, आणि हे डावीकडे वळले. राहीबाईच्या गुऱ्हाळामागून एक बांबू काढला, त्याला ती साडी बांधली, कानटोपी ओढली, तोंडाला उपरणं गुंडाळलं, आणि वळणाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. शाळेच्या स्काउटातली शिट्टी गळ्यात. ज्या माणसाला उभ्या जन्मात एक रिक्षा धड थांबवता आली नाही तो माणूस कंटेनर थांबवत होता. तेही कसं, तर आधी साडी हलवायची, शिट्टी फुंकायची, आणि गाडी थांबली की ड्रायव्हरला हात जोडायचे. समोरचा ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन निघून गेला की पुन्हा हात जोडून, या आता. काही जण थांबत होते. काही शिव्या देऊन तसेच अंगावरून जात होते. दिव्यांचा झोत पडला की साडीच्या टिकल्या लखलखायच्या. त्यासाठीच तीच साडी घेतली होती त्यांनी. साधं फडकं अंधारात दिसत नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

मी गुऱ्हाळाच्या बाकावर जाऊन बसले. राहीबाईनं रस दिला, तो हातात तसाच राहिला. तिला वाटलं मला सगळं ठाऊक आहे. ती आपली बोलत होती, काका रोज येत्यात, आमाला लई आधार हाय, पन दिवाळीपासून जीव घाबरतो. मी विचारलं, दिवाळीत काय झालं? ती म्हणाली, "तुमाला म्हायीत न्हाई व्हय काकू? धनतेरसला एका पांढऱ्या गाडीनं काकांना पार चरात घातलं की. समोरून कंटेनर येत हुता, काका गाडीला आडवे झाले, तर गाडीवाला बाजूनं कट मारून गेला. थांबला बी न्हाई."

त्या दिवशी बाबा घरी आले ते तू आल्यानंतर, आठवतं का तुला? धोतराला माती, कोपर सोललेलं. मी ओरडले होते, तर म्हणाले, देवळाच्या पायरीवर घसरलो. तू म्हणालास, बाबा, आता काठी घ्या. मग पानं वाढली. आणि जेवताना तू त्या वेड्याची नक्कल केलीस. हात वर करून, डोळे फिरवून. "एक म्हातारा लाल चिंधी घेऊन नाचत होता रस्त्यात, असा कट मारला त्याला की बस." हेच शब्द होते तुझे. आपण सगळे हसलो. बाबांनी तुला करंजी वाढली आणि म्हणाले, असतात एकेक.

मला तुझा राग आला, अवधूत. खरं सांगते, इतका राग तुझा मला कधी आला नव्हता. घरी आल्यावर त्यांच्यावरही तुटून पडले. म्हटलं, हाडं मोडून घ्यायची हौस आली आहे का या वयात, आणि ज्यानं पाडलं त्याला पुन्हा करंज्या वाढता? ते गुडघ्याला तेल चोळत बसले होते. तो गुडघाही तेव्हापासूनच दुखतोय, थंडीनं नव्हे. मग हळूच म्हणाले, "त्यानं मला बघितलंच नाही, इंदू. बघितलं असतं तर थांबला असता."

मी म्हटलं, सांगायचं तरी त्याला. तर म्हणाले, सांगितलं असतं तर पोरानं पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नसता, आणि आपल्या तोंडाकडे बघितलं नसतं. सणाचे दिवस, नात हसत होती, कशाला. मग मी विचारलं, धनत्रयोदशीच्या दिवशी तरी कशाला गेलात, घरी लेक यायचा होता. त्यांनी तेलाची बाटली बंद केली. म्हणाले, त्याचसाठी गेलो. संस्कृती गाडीत असणार होती.

मी उठले आणि चहा केला. त्यांना जाऊ नका असं सांगून बघितलं, तर म्हणाले, वाल्मिक पडला तेव्हा तिथे कुणी उभं असतं तर पडला नसता. ग्रामपंचायतीत दोन अर्ज देऊन झालेत, पुढच्या हप्त्यात दिव्याचे खांब बसवतो म्हणतात, आणि तो पुढचा हप्ता काही येत नाही. काल मी मशीन काढलं आणि त्या साडीचे कापलेले काठ दुमडून शिवून दिले, धागे निघत होते म्हणून. राहिलेली अर्धीही कापून ठेवली आहे. बायको म्हणून मला एवढंच जमलं.

पण आई म्हणून मला तुझ्याशी बोलायचं होतं. तू वाईट नाहीस. वाल्मिकच्या ऑपरेशनला न सांगता पैसे पाठवलेस, ते त्याची बायको सगळ्या गल्लीला सांगत असते. तू हातानं मुंगी मारणारा पोरगा नाहीस. पण गाडीत बसलास की तुला काय होतं मला कळत नाही. रस्त्यात उभा असलेला माणूस तुला माणूस वाटत नाही, मधे आलेलं काहीतरी वाटतं. कुणाचा तरी बाप आहे हे कळायला तो तुझाच असावा लागतो का? हे वाचून रडलास तर रड. चार दिवस झोप लागली नाही तर जाग. पण गाडी चालवायची सोडू नकोस, त्यांना तेच नकोय. नीट चालव.

भोगीच्या दिवशी तू निघशील. तू येणार म्हणजे हे त्या वळणावर असणारच, मी कितीही अडवलं तरी. उपरण्यात तोंड असेल, ओळखू येणार नाही, पण साडी तुला ओळखू येईल, तूच आणली आहेस. ती दिसली की थांब. काच खाली कर. या पत्राचं नाव काढू नकोस, माफी मागू नकोस, ते कानकोंडे होतील. बाबा, बसा, घरी जाऊ, एवढंच म्हण. ते म्हणतील मागून गाड्या येतायत, इथे कोण उभं राहणार. मग गाडी राहीबाईच्या अंगणात लाव, अपूर्वाला आणि संस्कृतीला रस पाज, आणि बांबू त्यांच्या हातातून तू घे. रहदारी कमी होईतो उभा राहा. आणि यावेळी राहुरीहून फोन करू नकोस. तुम्ही दोघं चालत दारात आलात की मगच मी चहा टाकेन.

वाट बघणारी, तुझीच,
आई