रोम कशानं बुडालं, दादा?

डेट्रॉइट, मार्च १९५९

प्रिय वेंडेलदादा,

आम्ही दोघं मजेत आहोत. एझ्राला मोटारींच्या कारखान्यात कायमची नोकरी लागली. आईचा खोकला कसा आहे?

मावशीचा फोन आला होता. चर्चच्या सभेत तू म्हणे उभा राहून बोललास, "गोरे काळ्यांशी लग्नं करू लागले की संस्कृती बुडते. रोम असंच बुडालं."

आमच्या लग्नात माझ्या काळ्या नवऱ्याला, एझ्राला, मिठी मारून "भाऊ" म्हणणारा तूच ना?

रोमचा इतिहास मला तूच शिकवलास. परक्यांशी सोयरिकी करून, जिंकलेल्यांना नागरिक करून ते वाढलं आणि आपसातल्या लढायांनी खचलं. तुला हे पक्कं ठाऊक आहे. टाळ्यांसाठी खोटं बोललास.

मला दिवस गेलेत. आईला एवढ्यात सांगू नकोस. बाळाला मामा आहे की नाही, तेवढं तूच कळव.

अजूनही तुझीच,
लोर्ना