पिठाची यादी

३ सप्टेंबर १९९०, जफराबाद

गावकऱ्यांचे अठ्ठेचाळीस अर्ज लिहून झाले! बोटं आखडलीत. शाळा बंदच आहे, मी शिकवते तो सगळा वर्ग कापूस वेचायला गेलाय. अठरा तारखेला सुनावणी. वीस वर्षांपूर्वी आम्हाला हेलिकॉप्टरांत कोंबून डोंगरातून या सपाटीवर आणलं, जबरदस्तीने – हे सिद्ध झालं तर रोविन गाव परत आमचं. नाही तर घरं, शेतं, कुरणं मेंढ्यांच्या फार्मला. कायमची.

रोविनमध्ये दुसऱ्याचा कागद लिहून देणाऱ्याला तंदूरची पहिली रोटी मिळायची. आज आईकडे गमतीने मागितली. हसलीसुद्धा नाही. इथे आल्यापासून एकदाही दिली नाही तिने. रीत विसरली असेल.

७ सप्टेंबर

मेलो! मेलो आम्ही सगळे.

कचेरीतला साहेब म्हणाला, "जबरदस्ती कसली, बाई? हा तुमचाच अर्ज. राजीखुशीने गाव सोडतोय म्हणून." खाली त्रेचाळीस अंगठे. सफरकाका – बाबांचे धाकटे भाऊ – टेबलावर हात आपटून म्हणाले, "खोटा आहे!" साहेब शांत. "मग ज्याने लिहिला त्याला अठराला उभा करा. तो खोटा म्हणाला तर अर्ज रद्द. नाही तर उगाच हेलपाटे घालू नका."

अक्षर माझं आहे. शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवायची माझी खोड – ओळीओळीला! मी कागद साहेबाकडे सरकवला आणि काकांच्या मागोमाग बाहेर पडले.

८ सप्टेंबर

बारा वर्षांची होते. टोपीवाला माणूस आला. "सरकार पीठ वाटणार आहे, यादी कर." लिहिता येणारी मी एकटीच. त्याने आधी रशियनमधल्या, म्हणजे सरकारी भाषेतल्या, चार ओळी समोर धरल्या. मला कुठलं रशियन! चित्र काढावं तशा उतरवल्या. खाली नावं. पहिला अंगठा बाबांचा. मग रोटी खाल्ली – गरम, सगळ्यांदेखत, ऐटीत.

बाबा इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात गेले. डोंगरातला माणूस, उष्मा सोसला नाही.

१२ सप्टेंबर

काकांच्या अंगणात बैठक. सगळ्यांना वाटतंय, कचेरीतल्याच कुणीतरी तो कागद रचला. पिठाची यादी कुणाच्या ध्यानातही नाही. काका ओरडले, "ज्याने लिहिलं त्याचा हात झडो!"

सगळे म्हणाले, आमीन. मीही म्हणाले! आई तेवढी चहाच्या वाट्या गोळा करत उठली.

१४ सप्टेंबर

आजही सांगितलं नाही. भेकड!

१६ सप्टेंबर

आईला सांगितलं. सगळं. ती पीठ मळत होती, मळतच राहिली. "ओरड ना गं! मार मला!" म्हटलं. हात धुतले, ओढणी घेतली आणि काकांकडे निघून गेली.

१७ सप्टेंबर

काका दारावरून गेले. माझ्याकडे पाहिलं नाही. उद्या मी उभी राहणार, कुणी सोबत येवो न येवो. पण गाव मिळालं तरी तिथे कोणत्या तोंडाने जाऊ? बाबांचा अंगठा मीच घेतला ना.

१८ सप्टेंबर

आईने तंदूरची पहिली रोटी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "पीठ आलं नाही, हेलिकॉप्टर आलं, तेव्हाच मला कळलं होतं. वीस वर्षं वाट पाहिली, तू कधी सांगतेस. खा आता. सफरभावजी बाहेर थांबलेत."