माऊंची खाणावळ

चेन्नई,
ता. १२ फेब्रुवारी २०२६

ती. विद्युलताआत्यास,
इराचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली चूक आधी दुरुस्त करते. दत्तोकाकांच्या खाणावळीची पाटी राघोत्तम पेंटरांनी बिघडवली, असं मी लिहिलं होतं. त्यांनी नाही, मी बिघडवली.

सहा महिने खपून मी केलेला फॉन्ट जाड, गोल टोकांचा आहे. ऑफिसात त्याला 'इडली' म्हणतात. त्याच अक्षरांत काकांना, म्हणजे गिऱ्हाइकांच्या भाऊंना, 'भाऊंची खाणावळ' काढून दिलं. गोलाई भरताना भ च्या डोक्यावरची मोकळी जागा बुजली आणि तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत 'माऊंची खाणावळ' उभी राहिली. राघोत्तमांना नागरी वाचता येत नाही, तरी त्यांनी विचारलं होतं, इथे जागा सोडायची का. मी म्हटलं, आहे तसंच रंगवा. आता जेवायला येणारी आपली मराठी मुलं दारातूनच म्याव करतात. चूक कोणाची, असं काकांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून पेंटरांची, असं निघून गेलं. फोनवर हे सांगायचा धीर झाला नाही.

लोभ असावा, निदान उत्तर येईपर्यंत.

आपली,
इरा

मिरज,
ता. २० फेब्रुवारी

चि. इरास अनेक आशीर्वाद.

इतकी हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. दत्तूच्या आमटीला मांजरसुद्धा तोंड लावणार नाही, हे त्या मुलांना कळव. भ च्या डोक्याला वारा लागू दे, असं तुला पाटीवर शंभरदा शिकवलं. नोकरीला लागून तू त्यालाच टोपी घातलीस.

मग दत्तूचा फोन आला. बावीस वर्षं ज्याच्याबरोबर रोज चारची कॉफी प्यायला, त्या राघोत्तमला त्याने पायरी चढू नको म्हणून सांगितलंय. आता एकटाच पितो आणि कडू लागते म्हणून मला ऐकवतो. तू खोटं तोंडाने बोललीस, खरंही तोंडानेच सांग.

माया आहेच, पण कान पिळायला मिरजेहून हात पुरत नाही.

तुझी आत्या

चेन्नई,
ता. ३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दोनदा सांगायला गेले आणि दोनदा जेवून परत आले. आता गुंता वाढलाय. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातली मुलं बसमधून उतरून 'माऊंची' कुठे विचारत येतात, म्हणून काका पाटी बदलू देत नाहीत. मला वाटलं, सुटले. तर म्हणाले, पाटीचा राग केव्हाच गेला, पण राघोत्तमने अजून चूक कबूल केली नाही, ते मनातून जात नाही. जी चूक त्यांनी केलीच नाही तिच्या कबुलीची काका वाट पाहताहेत. आणि राघोत्तम रोज चारला समोरच्या फुलवालीच्या बाकावर पाठ करून बसतात. मी भेटले तर म्हणाले, पोरी, तुझं पहिलंच काम आहे, राहू दे. त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

रविवारी पोह्यांना सगळी मुलं असतात. राघोत्तमांना हाताला धरून आत नेईन आणि सगळ्यांदेखत काकांना सांगेन. मग पायरी उतरायची पाळी माझी असेल कदाचित.

आपला लोभ आहेच. तो रविवार, ता. ८ मार्च, सकाळी आठनंतरही ठेवावा.

आपली,
इरा