वाटसरूचा तुकडा

उरुआपान, ९ जानेवारी १९७४

चि. सौ. ओब्दुलियास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. दारातच क्रिस्पिनने विचारलं, बाळयेशू कुठे आहे. म्हटलं, मोरेलियाला, जिथे बाकी सगळं आहे तिथेच. तुझ्याकडे आई आहे, चार पोरं आहेत, शिकलेला नवरा आहे. आता पणजीपासून चालत आलेलं लाकडी बाळही तुझंच. माझ्याकडे हा न्हावी नवरा आणि एक पाळणा; पाळणा रिकामाच आहे.

आईने काय मांडलं होतं ते आठव. तीन राजांच्या सणाचा एक छोटा रोस्का पाव, त्यात तिने स्वतःच्या हाताने लपवलेली चिमुकली बाहुली, आणि तीन तुकडे. एक माझा, एक तुझा, एक रीतीप्रमाणे दारी येणाऱ्या वाटसरूचा. बाहुली जिच्या तुकड्यात, तिने बाळाची धर्ममाता व्हायचं आणि त्याला कायमचं घरी न्यायचं. वाटसरूच्या तुकड्यात निघाली तर बाळ आईपाशी, म्हणजे पुन्हा तुझ्याच घरात. तीनातले दोन तुकडे आधीच तुझ्या पदरात होते, बाई.

तरी थोरली म्हणून मी पहिला हात घातला. तर आईने उरलेल्या दोनांतला एक फोडून दाखवला, रिकामा निघाला तो वाटसरूसाठी बाजूला ठेवला, आणि मला म्हणाली की हवा तर तुझा तुकडा बदल. आजवर कुठल्या सणाला तिने असं विचारलं होतं? माझा हातचा तुकडा मी का सोडू? नाही सोडला. बाहुली तुझ्यात निघाली. बाळासाठी शिवून आणलेला पांढरा साटीनचा झगा पिशवीतच राहिला, तुला दाखवलासुद्धा नाही.

पोरांना पापे. लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

एर्मेलिंदा

*

मोरेलिया, १४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. एवारिस्तोला दाखवलं तर तो शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासायच्या सोडून हसत सुटला. म्हणाला, ताईंनी स्वतःच उत्तर लिहिलंय आणि त्यांना पत्ता नाही. तूच म्हणतेस ना, तीनातले दोन तुकडे माझ्या बाजूचे? मग बाहुली त्या दोनांत असण्याचा संभव तुझ्या एकाच्या दुप्पट. आईला ती कुठे आहे ते माहीत, त्यामुळे ती रिकामाच फोडणार. म्हणजे त्या दोघांचं सगळं वजन उरलेल्या एकावर आलं. तुला एकाच्या बदल्यात दोन मिळत होते, आणि तू नको म्हणालीस. यात माझा काय दोष?

आणि खरं सांगू? मला तुझा हेवा वाटला. आईने तुला विचारलं. मला कुणी विचारलंच नाही. तू टाकशील ते माझं, लहानपणी तुझे झगे मला यायचे तसंच. दुसऱ्यांच्या घरी लोक बाहुली गालात दडवतात, बाहुली निघेल त्याने पुढच्या महिन्यात मेणबत्त्यांच्या सणाला गावाला तमाल, मक्याच्या पानात उकडलेले मुटके, घालायचे असतात, तो खर्च नको म्हणून. आणि आपण दोघी बघ.

तुझी माया आटवू नकोस, एवढंच मागणं.

ओब्दुलिया

*

उरुआपान, २२ जानेवारी

चि. सौ. ओब्दुलियास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या नवऱ्याच्या गणिताने आमचं सलून बंद पडायची पाळी आली आहे. दोन तुकडे उरले, एकात बाहुली, तर निम्मं-निम्मंच, यात शिकलेल्या माणसाने काय शोधायचं, असं मी क्रिस्पिनला म्हटलं. त्याने ते गिऱ्हाइकांना सांगितलं. आता अर्ध्या दाढीला साबण लावून माणसं भांडतात. पोस्टमास्तर माझ्या बाजूने आहेत. पाद्रीबाबा आधी माझ्या बाजूने होते, मग तीन कपांखाली घेवड्याचा दाणा ठेवून आठवडाभर खेळ झाला आणि ते तिकडे गेले. कप बदलणाराच जास्त वेळा जिंकतो. मी स्वतः खेळून पाहिलं. एवारिस्तो बरोबर आहे, त्याला सांग आणि फुगू देऊ नकोस.

पण कपांना मन नसतं. क्रिस्पिन दर डावाला एक कप उघडत होता, नेमाने. आईने असं आयुष्यात कधी केलं नव्हतं, एकदाच केलं आणि माझ्याशीच केलं. का? याचं उत्तर गणितात नाही, मला मात्र ठाऊक आहे. आई माझा स्वभाव ओळखून आहे. सोड म्हटलं की मी घट्ट धरते. मी सोडू नये म्हणूनच तिने सोड म्हटलं. बाळ तुझ्याकडे राहावं म्हणून. लहानपणापासून तिचं माप तुझ्याकडेच झुकतं, आणि आता तर ती तुझ्याच हातचं जेवते.

सणाला मी येणार नाही. तमाल तुझे तूच वाट. बाकी लोभाचं काय ते तू ठरव.

एर्मेलिंदा

*

मोरेलिया, २७ जानेवारी

चि. एर्मेलिंदास,
आईचे अनेक आशीर्वाद.

ओब्दुलिया बाजारात गेली आहे, म्हणून स्वतः लिहिते. अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे. तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं. मधलं गाळत होती ते कळलं. गाळलेलं मी मागून चष्मा लावून वाचलं.

मला गणित येत नाही आणि त्या दिवशी मला ते लागतही नव्हतं. बाहुली मी घातली, पाव मी कापला. तू हात घातलास तो रिकाम्या तुकड्याला. बाळ तुझ्या घरी जावं असं माझ्या मनात होतं. इथे पोरांच्या गलक्यात त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ आहे? पण दोघींना समोर बसवून एकीच्या हातात ठेवलं असतं तर दुसरीने जन्मभर बोलून दाखवलं असतं. म्हणून दुसरा रिकामा फोडला आणि तुला बदल म्हटलं. याहून जास्त काय करू? डोळ्यांनीही खुणावलं. तू माझ्या डोळ्यांकडे बघितलंस आणि तुकडा छातीशी धरलास.

अगं वेडे, बाळ ओब्दुलियाला द्यायचं असतं तर मला काहीच करायचं नव्हतं. मी नुसती गप्प बसले असते तरी ते इथेच राहत होतं.

प्रकृतीला जप.

आई

*

उरुआपान, ३० जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. क्रिस्पिनला वाचायला दिलं, तर वाचून तो दुकान उघडायला गेला. मी पाळण्यापाशी बसून राहिले. इतकी वर्षं मनात धरून ठेवलं होतं की तुझा कल तिकडे आहे. चूल पेटवतानासुद्धा तेच घोळायचं. आता राग धरायला मला कुणी उरलंच नाही, आणि काही सुचेनासं झालं आहे.

सणाला येते, शनिवारी पहिल्या बसने. मक्याची पानं भिजवून ठेवायला सांग, तमाल मी करीन, ओब्दुलियाच्या हातचे घट्ट होतात. झगा घेऊन येते. बाळाला तो मीच घालणार, पण हे तिला तूच सांग. मी विचारलं तर ती लगेच हो म्हणेल, आणि ते मला अजून सोसायचं नाही.

आणि आई, या वेळी काही देऊ केलंस तर तोंडाने सांग. तुझे डोळे मला वाचता येत नाहीत.

तुझी
एर्मेलिंदा