कावळा शिवला, पण कुणाच्या शब्दावर?

अहो,

उभ्या जन्मात तुमचं नाव घेतलं नाही, आता पत्राच्या वर तरी कसं लिहू? परवा दुपारी तुमचा तो आवडता डॉनचा सिनेमा टीव्हीवर लागला होता. रिचार्ज संपत आलाय, भरलेले पैसे तरी वसूल व्हावेत म्हणून बसले. पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचंय.

तुम्ही कधी शेवट पाहू दिलात का? दोघं मित्र एका ताटात जेवतात, तिथवर आलं की टीव्ही बंद करायचात. ‘संपला’ म्हणायचात. मला वाटायचं, ते दोघं अखेरपर्यंत सोबत राहत असतील. पुढं तो मित्रच पोलिसांना खबर देतो हो! डॉन गोळ्या खाऊन पडलेला, पोलीस विचारतात साथीदार कोण, तर डॉन त्या मित्राचं नाव घेत नाही.

कणीक मळलेली तशीच राहिली. तुम्हाला शेवट ठाऊक होता, तरी तसंच वागलात?

वाळूजच्या तुमच्या कंपनीतली तांब्याची तार चोरून विकली तुमच्या जिवलग मित्रानं, दिनकर भाऊजींनी. चौकशीत तुमच्याकडं बोट दाखवलं तेही त्यांनीच. साहेबांना खरं सांगा म्हणून मी पाया पडले. तर म्हणालात, “दिन्याच्या पोरी लग्नाच्या हायेत. जाऊ दे.”

आणि आपली? नोकरी गेली, चोर हा शब्द घरात आला. मंगल कार्यालयाच्या दारात वॉचमन म्हणून बसून दुसऱ्यांच्या वराती आत सोडल्यात, आपल्या पोरीचं ठरलेलं मोडलं.

तुम्ही गेल्यावर दहाव्याला पैठणच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. तुमच्या भावानं शब्द दिला, मी दिला, पोरीनं रडत दिला. कावळे झाडावरून नुसते बघत होते. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले, तेवढ्यात मागून दिनकर भाऊजी पुढं आले.

“दादा, कंपनीत जाऊन खरं सांगतो. वहिनीला अन् पोरीला मी बघतो. तू जा आता.”

आणि कावळा झेपावला! सगळ्यांनी हात जोडले. मीसुद्धा.

ते कंपनीत गेले नाहीत. आपल्या दारातही आले नाहीत. मंडईत मला पाहून अर्धी भाजी घेतलेली पिशवी तशीच उचलून वळले. पोरीला बघायला आलेली माणसं अजून ‘त्या तारवाल्याचीच ना?’ विचारतात आणि चहा पिऊन जातात.

खरं सांगू? त्यांच्यापेक्षा तुमचाच राग येतो. माझ्या शब्दावर आला नाहीत, पोटच्या पोरीच्या नाही. जिवंतपणी फसलात ते फसलात, मेल्यावरही त्याच्याच शब्दावर घास घेतलात?

देवापुढं दिवा लावते, पण मागावं काय तेच सुचत नाही.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. तुमचं पान गच्चीवर ठेवीन, अळूची भाजी आणि खीर करीन. कावळा नाही आला तर दिवस मावळेपर्यंत उभी राहीन, मग गाईला घालीन. पण यंदा कुणालाही पुढं येऊन शब्द देऊ देणार नाही. उपाशी गेलात तरी चालेल, खोट्या शब्दावर तुम्हाला पुन्हा जेवू घालणार नाही.

तुमचीच,
सुमन