तळ्यातली उघडी तोंडं

१२ ऑगस्ट
शेततळ्यात जाळं टाकून पाहिलं. रोहू मागच्या वेळी होते तेवढ्याच वजनाचे! खाद्य मात्र दुप्पट संपतंय. चोर घरातच आहे — माझे सासरे! मी कोंडा-ढेपेचं खाद्य टाकून घराकडे वळले, की मामाजी वरून आपली ओंजळ टाकतात.
"काहून वं, इतकं मोजूनमापून देतं? पाहुण्याले कोनी असं वाढते काय?"
तळं माझं, मेहनत माझी, आणि लाड यांचे!

१४ ऑगस्ट
घमेल्यात खाद्य ठेवून दोरीनं पाण्यात सोडलं. संध्याकाळी काढलं तर अर्धं तसंच. म्हणजे रोजचं उरलेलं तळाशी कुजतंय. मामाजींना वास घ्यायला लावला. म्हणाले, "उद्या खातीन." राग आला, हसूही आलं.

१५ ऑगस्ट
खाद्याचं पोतं आजपासून माझ्या कुलपात.

१९ ऑगस्ट
आभाळ भरलेलंच. पहाटे मामाजींची हाक. मासे सगळे वर, तोंडं वासून!
"पाह्य, उपाशी मारलं तुनं त्याईले! कुलूप खोल."
मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला लिहू? पण किल्ली देण्याआधी पुसदच्या प्रफुल्लला फोन लावला. मत्स्यबीज त्याच्याकडूनच आणतो. तो ओरडलाच — "ते भूक नोहे, ताई! खाली कुजलेल्या दान्यानं पान्यातली हवा संपली, दम लागला त्याईले. दाना टाकू नका. मोटर लावा, पानी वरून पाडा!"
ऊन येईपर्यंत पाणी उडवलं. काही मेलेच. बाकीचे खाली गेले तेव्हा मामाजी बांधावर बसून राहिले. "लाडानं मारत होतो मी त्याईले." वाईट वाटलं. खाऊ घालण्यातच त्यांचा जीव. सासूबाई मांडीचं हाड मोडून पडल्यापासून त्यांनाही तेच भरवतात. "खाल्लं त उठन," म्हणतात.

२५ ऑगस्ट
खाद्य कमी केलं. घमेलं रिकामं वर येतं. मामाजी स्वतः ओढून बघतात, मला बोलावून दाखवतात! मासेही अंगानं भरताहेत.
सासूबाईंनी मात्र आज घासही घेतला नाही.

२६ ऑगस्ट, पुसद, दवाखाना
सकाळी सासूबाईंचं तोंड सारखं उघडं. कालपासून पोटात काही नाही, म्हणून मी पेज घेऊन बसले. चमचा ओठांशी नेला, तोच मामाजींनी माझा हात धरला.
"थांब वर्षा. ते भूक नोहे."
ऑक्सिजन लावलाय. आत्ता तोंड मिटून झोपल्यात.